तीन मीटरचा पतंग लहान नसतो

संक्रांतीला इंदूरच्या गच्च्यांवरून उडणारे पतंग आपण दोन बोटांत सांभाळतो. पॉवर काइट ही जात वेगळी. पातळ, हवा न सोडणाऱ्या कापडाचे कप्पे शिवलेले असतात, समोरून वारा शिरला की ते फुगतात आणि सगळ्याला विमानाच्या पंखासारखा आकार येतो; अशा पतंगाला फॉइल म्हणतात. खाली चार दोऱ्या, त्यांतल्या दोन ब्रेकच्या, दोन्ही हातांत एकेक हँडल. पायाखाली हवेच्या टायरांची चार चाकं लावलेली फळी घेतली की झालं काइट लँडबोर्डिंग. पतंगाने माणसाला ओढायचं आणि माणसाने ते ओढणं आपल्या दिशेला वळवायचं, एवढाच खेळ.

कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. टोलचा दर घोड्यांच्या संख्येवर ठरायचा आणि या गाडीला घोडाच नव्हता, म्हणून ती नाक्यावरून फुकट जायची असं सांगतात. आपल्याकडे मात्र हा खेळ अजून रुळलेला नाही. त्यामुळे इंदुरातला एखादा मुलगा व्हिडिओ पाहून पेटला, की तो विक्रेत्यांचे तक्ते उघडतो. अमुक किलो वजनाला अमुक मीटर. हे तक्ते बहुतेक समुद्रकाठच्या एकसारख्या वाऱ्याचा हिशेब धरून केलेले असतात. माळव्याच्या पठारावर ते जसेच्या तसे लावले तर शिकणाऱ्याची हाडं धोक्यात येतात. तेव्हा या मापाभोवतीचे काही गैरसमज आधी बाजूला करू.

‘तीन मीटर म्हणजे आपल्या पतंगापेक्षा जरासाच मोठा’

हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा घोटाळा. दुकानात ‘थ्री मीटर’ म्हणतात ते तीन चौरस मीटर, म्हणजे कापडाचं क्षेत्रफळ. संक्रांतीचा नेहमीचा दीड फुटी पतंग पाव चौरस मीटरसुद्धा भरत नाही. तीनचा फॉइल त्याच्या बारा पटींहूनही मोठा, आणि तो कागदाचा नसून पंख आहे.

पण नुसत्या क्षेत्रफळावरून त्याची खरी ताकद कळत नाही. ताशी २० किलोमीटरचा वारा धरा. इतक्या वाऱ्यात झाडाच्या बारीक फांद्या हलतात, धूळ उडते. तीन चौरस मीटरचा पतंग अशा वाऱ्यात एका जागी स्थिर धरला, तर ढोबळ हिशेबाने त्याची ओढ पाचेक किलोंची भरते. भाजीची पिशवी हातात धरावी तेवढी. शिकणारा खूश होतो, म्हणतो हा तर फारच मवाळ.

मग तो पतंग खाली झुकवून वाऱ्याच्या आडवा पळवतो, आणि इथे गणित बदलतं. पतंग स्वतः वेगाने धावू लागला की त्याच्या कापडाला लागणारा वारा आपल्याला लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. चांगला फॉइल वाऱ्याच्या तिप्पट वेगाने सहज पळतो. आणि ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग तिप्पट, ओढ नऊपट. पाचाचे पंचेचाळीस किलो झाले. खेळणाऱ्याच्या बरोबर समोर, वाऱ्याच्या दिशेला, आकाशाचा जो मधला पट्टा असतो त्याला पॉवर झोन म्हणतात तो याचमुळे. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि विसाचा तीस झाला, तर ओढ आणखी सव्वादोनपट. म्हणजे शंभर किलोंच्या वर. प्रत्यक्षात ही ओढ क्षणभराची असते आणि थोडी कमीही भरते. पण माणूस पायावरून उचलून तोंडावर आपटायला क्षण पुरतो.

पतंग तोच, माणूस तोच, मैदान तेच. पाच किलो ते शंभर किलो हा सगळा पल्ला त्या ‘छोट्या’ तीन मीटरमध्ये आहे.

‘माझं वजन नव्वद, मला मोठाच लागणार’

यात थोडं तथ्य आहे, म्हणून हा समज जास्त फसवतो. जड माणसाला हलवायला जास्त ओढ लागते हे खरं. पण वजनाचा परिणाम सरळ पटीत चालतो आणि वाऱ्याचा वर्गाच्या पटीत. साठ किलो आणि नव्वद किलो यांत फरक दीडपट. ताशी १६ किलोमीटरचा वारा २० झाला, तर एवढ्याशा वाढीत ओढही दीडपटीच्या थोडी वरच जाते. दोन माणसांमधला तीस किलोंचा फरक चार किलोमीटर वाऱ्याने पुसून टाकला. आणि चार किलोमीटरचा चढउतार इंदूरच्या मैदानावर दर मिनिटाला होतो.

म्हणून मापाचा विचार वाऱ्यापासून सुरू करावा, तोही सरासरी वाऱ्यापासून नाही. त्या दिवशीचा सगळ्यात जोरदार झोत कोणता, त्या झोतात हा पतंग मला झेपेल का, हा पहिला प्रश्न. वजन त्यानंतर. कमी वाऱ्यात पतंग ओढत नाही म्हणून कंटाळा येतो. झोतात तो जास्त ओढतो म्हणून पाय मोडतो. दोन चुकांपैकी कोणती परवडते ते उघड आहे.

याच वळणाचा दुसरा युक्तिवाद अधूनमधून कानावर येतो, तो जरा शिकलेल्या लोकांचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, वर उन्हाळ्याची गरम हवा. म्हणजे हवा विरळ, म्हणून पतंग मोठा हवा. हवा विरळ असते हे बरोबर आहे. चाळीस अंश तापमानाला इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के हलकी भरते. पण ती भरपाई व्हायला वारा विसाऐवजी साडेएकवीस असला की पुरे. एवढ्यासाठी मोठं माप घेणं म्हणजे हिशेब येतो पण अंदाज नाही, असं झालं.

‘गोव्यात लोक नऊ आणि बारा मीटरचे उडवतात’

उडवतात, पण पाण्यावर. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी काइटसर्फिंग चालतं, तिथे फळीला पाणी कापत जावं लागतं आणि पाणी खूप अडवतं. चाकांना जमीन फार कमी अडवते. शिवाय ते पतंग वेगळ्या घडणीचे असतात: हवा भरलेल्या नळ्यांचे, हातातल्या आडव्या दांड्याने म्हणजे बारने चालणारे, बार पुढे ढकलला की ओढ कमी करणारे. नवशिक्याच्या हँडलवाल्या फॉइलमध्ये ती सोय नसते. आणि पाण्यात पडलेला माणूस भिजतो. माळावर पडलेला सोलवटतो.

जमिनीजमिनीतही फरक आहेच. दापोलीजवळ कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीला जी घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर चाकं सुरेख धावतात आणि थोड्या ओढीत काम भागतं. उंच गवताच्या मैदानावर तोच पतंग, तोच वारा अपुरा वाटेल. अशा वेळी गवत कापलेलं मैदान शोधावं. गवतासाठी पतंग मोठा करणं हा उलटा उपाय झाला, कारण गवत संपून कडक जमीन लागते तेव्हा वाढलेली ओढ तुमच्याबरोबरच असते.

‘माळव्यात वाऱ्याला काय तोटा? देवासला पवनचक्क्या उगाच का लावल्या!’

देवासजवळच्या जामगोद्राणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत, हे खरं. त्या टेकड्यांवर का आहेत, हेच ध्यानात घ्यायचं. उंचवट्यावर वारा दाबला जाऊन वेग घेतो, आणि चक्क्यांची पाती जमिनीपासून कितीतरी वर फिरतात. खालच्या शेतात उभ्या माणसाला तो वारा मिळत नाही. आणि त्या चक्क्याही बारा महिने सारख्या फिरत नाहीत. त्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा.

इथेच माळव्याची गंमत आहे, किंवा थट्टा म्हणा. वारा मेपासून जोर धरतो, जून-जुलैत नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून भरपूर वाहतो. पण नेमकी तेव्हाच काळी माती भिजते. माळव्याची काळी माती ओली झाली की बुटाला दोन-दोन किलो चिकटून येते, चाक फिरायचा प्रश्नच नाही. शिवाय जूनअखेरीस सोयाबीनची पेरणी झालेली असते, कोणाच्या शेतात फळी नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. उलट हिवाळ्यात जमीन कडक, आकाश निरभ्र, अंगावर कोवळं ऊन, सगळं जुळून आलेलं आणि वारा पडलेला. संक्रांतीचा कागदी पतंग हाताच्या ठुमकीने वर चढतो. तीन मीटरच्या फॉइलला नीट फुगून राहायलाच ताशी दहा-बारा किलोमीटर लागतात, फळीवरच्या माणसाला ओढायला त्याहून जास्त.

राहतात ते गहू-हरभरा निघाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस. एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा. जमीन मोकळी, पण उन्हाने तिला भेगा पडलेल्या. काळ्या मातीच्या भेगा कधीकधी एवढ्या रुंद असतात की चाक अडकून बसतं. त्यामुळे शेतापेक्षा एखाद्या कॉलेजचं किंवा शाळेचं मोठं गवताचं मैदान, तेही रीतसर परवानगी घेऊन, बरं. वाराही या दिवसांत फार लहरी. दुपारी जमीन तापून हवा वर उसळते, वरचा वेगवान वारा झोताझोताने खाली येतो, अधूनमधून वावटळ उठते. वावटळीत सापडलेला पतंग कोणत्या बाजूला जाईल ते सांगता येत नाही. दुपारच्या दीड-दोनला ‘आज मस्त वारा आहे’ म्हणून निघणाऱ्याने थांबावं. सकाळी वारा सुरू होतो तेव्हाचा किंवा सूर्य कलल्यावरचा वारा कमी असतो, पण एकसारखा. माळव्याच्या रात्रींची कीर्ती गारव्यासाठी आहे. पतंग शिकणाऱ्याला मानवते ती त्याआधीची संध्याकाळ.

वळवाचे ढग दिसले की मात्र पतंग गुंडाळायचा. गडगडाट ऐकू येण्याची वाट पाहू नये. वळवाच्या पावसाआधी येणारी धुळीची वावधाण ताशी दहाचा वारा दोन मिनिटांत पन्नास करते. त्या वाऱ्यासाठी कोणतंच माप योग्य नाही.

‘फोनवर वारा वीस दाखवतोय, मग झालं’

फोनवरचा आकडा अंदाजाचा, जमिनीपासून दहा मीटर उंचीचा आणि सरासरीचा असतो. त्या सरासरीत झोत बुडून जातात. ‘गस्ट’ नावाचा वेगळा रकाना असतो तो पाहावा. वीस आणि बत्तीस असे दोन आकडे दिसले, तर तो दिवस नवशिक्याचा नाही.

वारा मोजायचं छोटं हातयंत्र जवळ ठेवणं उत्तम, पण त्यातही एक चकवा आहे. यंत्र तुमच्या डोक्याच्या उंचीला, पतंग वीस मीटरवर. जमिनीशी घासून खालचा वारा मंदावतो. मोकळ्या मैदानावर दोन मीटरला १५ मोजला तर वीस मीटरला तो २० च्या पुढे असू शकतो. आकड्यात फरक पाच-सहाचा, पण ओढीत जवळजवळ दुप्पट. ‘हातावर तर वारा लागतच नाहीये’ म्हणत मोठा पतंग उघडणारे इथे फसतात.

त्यातून इंदूर शहरात इमारती. चार मजली इमारत बारा-तेरा मीटर उंच धरा. वारा तिच्यावरून आला तर तिच्या मागे उंचीच्या दहापटींपासून वीसपटींपर्यंत भोवरे राहतात, म्हणजे सव्वाशे ते अडीचशे मीटर. चिमणबागेच्या मैदानाबद्दल कितीही माया असली तरी चारी बाजूंनी वस्ती असलेलं मैदान या खेळाच्या कामाचं नाही; तिथे पतंग एका क्षणी लुळा पडेल आणि दुसऱ्या क्षणी हिसडा देईल. सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या जागा मोहात पाडतात, पण ती बाजू देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची. विमानतळाच्या आसपास पतंग उडवायचाच नाही. १९३४ च्या विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही घातला होता हे ऐकून लोक हसतात. विमान उतरवणारा वैमानिक हसणार नाही. महूच्या बाजूला मोकळे माळ आहेत, पण लष्करी हद्दीत शिरू नये. आणि विजेच्या तारा जिथून दिसतात ते मैदान कितीही चांगलं असलं तरी सोडून द्यावं.

‘आत्ताच मोठा घेऊन ठेवू, नंतर कामी येईल’

ही खास आपली मध्यमवर्गी शहाणीव. वाढत्या अंगाचा म्हणून शाळेचा सदरा दोन बोटं मोठा शिवायचा, तसा पतंगही पाचचा घ्यायचा. सदरा ढगळ झाला तर बाह्या दुमडता येतात. हँडलवाल्या फॉइलचं क्षेत्रफळ दुमडता येत नाही. शिवाय मोठा पतंग हळू वळतो, म्हणून चूक सुधारायला वेळ लागतो आणि शिकणं लांबतं. छोटा चपळ असतो. हाताने काय केलं की पतंग काय करतो हे तो लगेच दाखवतो. पुढे मोठा पतंग घेतला तरी हा छोटा जोरदार वाऱ्याच्या दिवसांसाठी उपयोगी राहतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

माप सारखं म्हणजे ओढ सारखी, असंही धरू नये. दोन कंपन्यांचे तीन-तीन मीटरचे पतंग वेगळे वागतात. लांबट, निमुळता पतंग जास्त वेगाने पळतो आणि जास्त ओढतो; आखूड, रुंद पतंग सौम्य असतो. कोणी कापड सपाट पसरून क्षेत्रफळ सांगतं, कोणी उडताना वाकलेल्या पतंगाची सावली मोजावी तसं. वापरलेला पतंग स्वस्तात मिळत असेल तर नावात ‘रेस’ शब्द असलेला सोडून द्या, माप कितीही लहान असो.

‘झेपला नाही तर डोक्यावर उभा ठेवायचा’

बेताच्या वाऱ्यात डोक्यावरचा पतंग शांत असतो, म्हणून ही समजूत पसरते. पण जोरदार झोत आला की डोक्यावरचा पतंग सरळ वर ओढतो, आणि वर गेलेला माणूस खाली जमिनीवरच येतो. पतंग मोठा असेल तर नक्कीच. घाबरल्यावर पतंग वाऱ्याच्या कडेला, डाव्या किंवा उजव्या टोकाला नेऊन ब्रेकच्या दोऱ्यांनी खाली बसवायचा असतो. त्याहून घाबरलात तर हँडल सोडून द्यायची, आणि हे सोडणं चालावं म्हणून मनगटाला पट्टे हवेत. हँडल सुटली की पट्टे फक्त ब्रेकच्या दोऱ्या धरून ठेवतात, पतंग फडफडत निर्जीव होऊन खाली पडतो. हे पट्टे नसतील तर पतंग घेऊ नका. कमरेला अडकवायचा हार्नेस पहिल्या हंगामात नको, कारण त्याने हात मोकळे सोडण्याची सोयच जाते.

दोऱ्यांबद्दल एक गोष्ट. चिनी मांजाच्या बातम्या ऐकून काहींना वाटतं की तोच नायलॉन इथे स्वस्तात लावता येईल. नाही. नायलॉन ताणला की लांबतो, त्यामुळे पतंग हाताचं ऐकत नाही. आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या व कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे. पॉवर काइटच्या दोऱ्या डायनीमा नावाच्या धाग्याच्या असतात, वीस-पंचवीस मीटर लांब, दीडशे-दोनशे किलोंचा ताण सहज घेणाऱ्या, न लांबणाऱ्या. त्याही कृत्रिमच आहेत आणि ताणात असताना सुरीसारख्या कापतात. म्हणून शहरात हा पतंग उघडण्याआधी जिल्हा प्रशासनाचे पतंगाविषयीचे आदेश विचारून घ्यावेत, आणि दोऱ्यांच्या टप्प्यात रस्ता, पायवाट, खेळणारी मुलं, काहीही येऊ देऊ नये. डायनीमा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो. काच लावलेला मांजा त्यावर घासला तर दोरी तुटायला वेळ लागत नाही. तेव्हा संक्रांतीचा दिवस पॉवर काइटसाठी वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. त्या दिवशी तिळगूळ खावा, गिल्ली-दांडू खेळावा, साधा पतंग साध्या सुती दोऱ्यावर उडवावा.

आता विकत घेणाऱ्यासाठी. साठ ते पंच्याऐंशी किलोंच्या नवशिक्याने इंदुरात चार दोऱ्यांचा, आखूड बांध्याचा, नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा तीन चौरस मीटरचा फॉइल घ्यावा. पंचावन्नच्या खालच्यांनी आणि शाळकरी मुलांनी दोनचा. नव्वदच्या वरच्यांनीही सुरुवात तीननेच करावी. हलक्या वाऱ्यात नुसता पतंग उडवायला शिकावं, फळी नंतर. तीनचा पतंग ताशी अठरा ते पंचवीसच्या एकसारख्या वाऱ्यात वापरायचा, झोत तिशीला पोचले की उतरवायचा. पाचचा पतंग तीनवर पूर्ण हुकमत आल्यावर, कमी वाऱ्याच्या दिवसांसाठी. पैसे मोजके असतील तर पहिल्यांदा हेल्मेट, मनगटाचे पट्टे आणि वारा मोजायचं यंत्र घ्या, मग पतंग, आणि फळी सगळ्यात शेवटी.